मृत्यूनंतरची विचारणा : अवयवदान समन्वयाचा इतिहास

मृत माणसाचे अवयव दुसऱ्याला देण्यापूर्वी त्याच्या घरच्यांना विचारावे लागते. हे काम आज प्रत्यारोपण समन्वयक करतात. रुग्णालयात त्यांना सगळे ‘कोऑर्डिनेटर’ म्हणूनच ओळखतात. अवयवदानाचा इतिहास सहसा शस्त्रक्रियांच्या तारखांनी सांगितला जातो : पहिले नेत्रपटल, पहिले मूत्रपिंड, पहिले हृदय. पण मृताच्या शरीरातून मिळालेल्या प्रत्येक अवयवामागे एक संभाषण असते. दवाखान्याच्या बाकावर, जिन्यात किंवा आयसीयूच्या दाराशी कुणीतरी कुणाच्या तरी आईबापांना काही विचारलेले असते. ते कोणी विचारले, कधी आणि कोणत्या शब्दांत, याची नोंद फारशी ठेवली गेली नाही. शस्त्रक्रिया यशस्वी होऊ लागल्यानंतरही कित्येक दशके अवयव का मिळत नव्हते, याचे बरेचसे उत्तर मात्र त्या संभाषणातच सापडते.

विचारणेची सुरुवात डोळ्यांपासून झाली. ७ डिसेंबर १९०५ रोजी मोराव्हियातील ओलोमोउत्स येथे डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी चुन्याने डोळे भाजलेल्या एका मजुरावर नेत्रपटलाचे पहिले यशस्वी रोपण केले. ते पटल एका अकरा वर्षांच्या जिवंत मुलाचे होते. इजेमुळे त्याचा डोळा काढावाच लागणार होता. जिवंत माणसांचे असे डोळे मिळून मिळणार किती? १९३० च्या दशकात ओडेसामध्ये व्लादिमिर फिलातोव यांनी मृताच्या डोळ्यातील पटलही चालते हे दाखवून दिले आणि नेत्रतज्ज्ञाला मयताच्या घरच्यांशी बोलणे भाग पडले. १९४४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये डॉ. टाउनली पेटन यांच्या पुढाकाराने जगातली पहिली नेत्रपेढी उभी राहिली. पुढच्याच वर्षी डॉ. आर. ई. एस. मुथय्या यांनी मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयात भारतातली पहिली नेत्रपेढी सुरू केली. तत्कालीन मुंबई राज्याने १९५७ मध्ये नेत्रपटल रोपणासाठी स्वतंत्र कायदा केला. हृदय आणि यकृताची भाषा देशात कुणाच्या ओठीही नव्हती, तेव्हा ‘नेत्रदान’ हा शब्द मराठी घरांत पोहोचू लागला होता.

नेत्रदानाची एक सोय अशी की हृदय थांबल्यानंतरही डोळे उपयोगी पडतात. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत ते काढावे लागतात आणि त्याला पंधरा-वीस मिनिटे पुरतात. त्यामुळे नेत्रदान घरातही होऊ शकते. पंखा बंद करा, पापण्या मिटवा, डोळ्यांवर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या, एवढ्या सूचना फोनवरून दिल्या जातात. तोवर पेढीचे पथक निघालेले असते. इकडे तिरडी बांधायला माणसे जमलेली असतात आणि आतल्या खोलीत दोन डॉक्टर किंवा प्रशिक्षित तंत्रज्ञ आपले काम उरकत असतात, अशी दृश्ये महाराष्ट्रातल्या अनेक गावांनी पाहिली आहेत. विचारणाराही इथे बहुधा आपल्यातलाच असतो. कधी तो पुतण्या असतो, कधी गल्लीतले डॉक्टर, कधी लायन्स क्लबचे काका. अनोळखी माणसाने जे विचारले तर राग यावा, ते घरच्या माणसाने विचारल्यावर ऐकून घेतले जाते. या कार्यकर्त्यांना सर्वाधिक वेळा दोन शंकांना उत्तर द्यावे लागले : ‘चेहरा विद्रूप होईल का?’ आणि ‘पुढच्या जन्मी आंधळा जन्माला येईल का?’ पहिलीचे उत्तर सोपे होते, कारण पापण्या मिटलेल्या राहतात आणि चेहऱ्यावर काही दिसत नाही. दुसरीला वैद्यकाकडे उत्तर नव्हते. तिथे दधीचींची गोष्ट कामी आली. देवांना वज्र करता यावे म्हणून आपली हाडे देणारा ऋषी ज्या परंपरेत पूज्य आहे, त्या परंपरेत देह अपुरा राहिल्याने गती मिळत नाही असे कसे म्हणायचे, हा युक्तिवाद नेत्रदानाच्या प्रचारात आजही ऐकू येतो.

श्रीलंकेत हाच मार्ग फार मोठ्या प्रमाणावर यशस्वी झाला. डॉ. हडसन सिल्वा यांनी १९५८ पासून वृत्तपत्रांतून आवाहने केली. आरंभी मिळालेले डोळे ते घरच्या फ्रीजमध्ये ठेवत. आई वारली तेव्हा तिचे नेत्रपटलही त्यांनी रोपणासाठी वापरले. १९६४ पासून श्रीलंकेचे डोळे परदेशी जाऊ लागले आणि पुढच्या दशकांत हजारोंच्या संख्येने गेले. आपले डोळे काढून देणाऱ्या शिबी राजाची जातककथा तिथल्या बौद्ध घरांत लहानपणापासून सांगितली जाते. तिथे विचारणा करणाऱ्याचे निम्मे काम भिक्षूंनी आधीच करून ठेवले होते. भारतात ते एकेका घरात जाऊन नव्याने करावे लागले.

रुग्णालयातल्या विचारणेची मुळे दुसरीकडे, वैद्यकीय समाजकार्यात आहेत. १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. पुढे त्याचीच टाटा समाजविज्ञान संस्था झाली. १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात देशातील पहिली वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. औषधाला पैसे मिळवून देणे, बेवारस रुग्णाचे गाव शोधणे, क्षयरोग्याच्या घरच्यांची समजूत काढणे ही त्यांची कामे. डॉक्टरांच्या भाषेतले घरच्यांच्या भाषेत आणि घरच्यांचे डॉक्टरांपर्यंत पोहोचवणारी ही पहिली पगारी माणसे होती. अवयवदानाचे दिवस आले तेव्हा मुंबईच्या महापालिका रुग्णालयांत हे काम आपसूक त्यांच्याकडे गेले. तिथे समन्वयकाचे काम परदेशी नमुन्यावरून आले असे म्हटले जाते, ते अर्धेच खरे आहे. पद नवे होते, हात जुनेच होते.

डोळ्यांच्या पलीकडचे अवयव घेताना अडचण मृत्यूच्या व्याख्येची होती. मूत्रपिंड, यकृत, हृदय यांना रक्तपुरवठा थांबला की ते थोड्याच वेळात निकामी होतात. म्हणजे माणूस मृत हवा आणि त्याचे रक्ताभिसरण मात्र चालू हवे. व्हेंटिलेटर येण्यापूर्वी असा मृत्यू जगाने पाहिलाच नव्हता. १९५९ मध्ये मोलारे आणि गुलाँ या फ्रेंच डॉक्टरांनी नेहमीच्या कोमाच्या पलीकडच्या या अवस्थेचे वर्णन केले. त्याआधी दोन वर्षे पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांसमोरच्या भाषणात मृत्यूचा क्षण ठरवणे हे वैद्यकाचे काम आहे असे सांगून ठेवले होते. पण घरच्यांना हे कसे सांगायचे, याचा विचार तोवर कुणी केला नव्हता.

२ डिसेंबर १९६७ रोजी केप टाउनमध्ये रस्ता ओलांडताना गाडीखाली सापडून डेनिस डार्व्हल ही पंचवीस वर्षांची मुलगी मरणपंथाला लागली. तिची आई जागीच गेली होती. ग्रूट स्किअर रुग्णालयात तिचे वडील एडवर्ड डार्व्हल यांना दोन डॉक्टरांनी गाठले आणि तिचे हृदय मागितले. एकाच दुपारी बायको गेलेल्या आणि मुलगी जात असलेल्या त्या माणसाने चारच मिनिटांत होकार दिला, असे सांगितले जाते. ३ डिसेंबरला क्रिस्तियान बर्नार्ड यांनी ते हृदय लुई वॉशकॅन्स्की यांना बसवले. वॉशकॅन्स्की अठरा दिवस जगले आणि बर्नार्ड यांचे नाव जगभर झाले. मुलीचे एक मूत्रपिंड दहा वर्षांच्या एका मुलाला मिळाले. तो वर्णाने ‘कलर्ड’ गणला जाणारा होता आणि वंशभेदाच्या त्या राजवटीत त्यावरूनही वाद झाला. या साऱ्यात एडवर्ड डार्व्हल यांच्याजवळ नंतर कोण बसले, हे सांगायची कुणाला गरज वाटली नाही. मागणारे प्रत्यारोपणाच्या बाजूचे होते आणि देणाऱ्याच्या बाजूचे कुणीच नव्हते. पुढची पन्नास वर्षे या कामाची जी घडण झाली, ती बहुतांशी ही एक चूक सुधारण्यासाठी झाली.

मुंबई या घडामोडींपासून दूर नव्हती. फेब्रुवारी १९६८ मध्ये केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी भारतातले पहिले हृदयरोपण केले. केप टाउनच्या शस्त्रक्रियेला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासांतच दगावला. मेंदूच्या मृत्यूला भारतात तेव्हा कायद्याचा आधार नव्हता, म्हणून तो रस्ता तिथेच अडला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हार्वर्डच्या समितीने मेंदूमृत्यूचे निकष जाहीर केले. जपानला या वर्षाची किंमत सर्वांत जास्त मोजावी लागली. ऑगस्ट १९६८ मध्ये साप्पोरोत जुरो वादा यांनी हृदयरोपण केले, रुग्ण नंतर दगावला आणि दाता खरोखर मृत होता का, असा संशय उठला. वादांवर खुनाची तक्रार झाली. खटला उभा राहिला नाही, पण लोकांचा विश्वास उडाला तो उडालाच. जपानने मेंदूमृत्यूचा कायदा १९९७ मध्ये केला आणि पुढचे हृदयरोपण १९९९ मध्ये झाले. एका संशयाने तीस वर्षे गेली.

भारतात विश्वासाला तडा गेला तो वेगळ्या कारणाने. १९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचे रोपण यशस्वी झाले. १९८० च्या दशकात सायक्लोस्पोरिनसारखी औषधे आल्यावर परके मूत्रपिंडही शरीरात टिकू लागले आणि गरिबांची मूत्रपिंडे विकत घेण्याचा धंदा मुंबई, मद्रास, बंगळूर या शहरांत उघडपणे चालू लागला. ‘किडनी काढून घेतात’ ही भीती तेव्हापासून लोकांच्या मनात बसली आहे. आजही आयसीयूबाहेर एखादा चुलता समन्वयकावर धावून जातो, तो या आठवणीपोटी. ती भीती खोट्या बातम्यांतून आलेली नाही, घडलेल्या गोष्टींतून आलेली आहे. म्हणून समन्वयकाने तिचा राग न धरता तिला उत्तर द्यायचे असते.

संसदेने १९९४ मध्ये मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा केला. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने राज्यांनी ठराव करून तो स्वीकारायचा होता. ४ फेब्रुवारी १९९५ रोजी तो प्रथम लागू झाला तो महाराष्ट्र, गोवा व हिमाचल प्रदेश या तीन राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत. कायद्याने अवयवांची खरेदी-विक्री गुन्हा ठरवली आणि मेंदूस्तंभाच्या मृत्यूला, म्हणजेच मेंदूमृत्यूला, अवयवदानापुरती मान्यता दिली. मृताने हयातीत लिहून ठेवले नसेल, तर ज्याच्याकडे मृतदेहाचा कायदेशीर ताबा आहे त्याच्या संमतीने अवयव घेता येतात, मात्र जवळच्या नातलगांपैकी कुणाचा विरोध नसावा. जवळचे नातलग म्हणजे पती-पत्नी, मुलगा-मुलगी, आई-वडील, भाऊ-बहीण. २०११ च्या दुरुस्तीने त्यांत आजी-आजोबा आणि नातवंडे आली.

कायद्याची यादी आणि घराची रीत यांत पहिल्यापासून अंतर आहे. अपघातात तरुण नवरा गेला तर कायद्याने बायकोची संमती लागते. पण दवाखान्यात बोलणी करायला पुढे येतात ते दीर, मामा, चुलते आणि गावाहून जीप करून आलेले सरपंच. बायको घरी असते किंवा खाली बाकावर डोक्याला पदर गुंडाळून बसलेली असते आणि तिला अजून नीट सांगितलेलेही नसते. आधी त्या बाईपर्यंत पोहोचायचे आणि मोठ्या माणसांचा मान राखत तिचा शब्द ऐकायचा, ही समन्वयकाची खरी कसोटी. कोणत्याही पाठ्यपुस्तकातून ती पूर्णपणे शिकता येत नाही.

मेंदूस्तंभाचा मृत्यू चार डॉक्टरांनी प्रमाणित करायचा असतो : रुग्णालयाचे प्रमुख किंवा प्रभारी डॉक्टर, नियुक्त यादीतील एक स्वतंत्र डॉक्टर, मेंदूविकाराचा तज्ज्ञ आणि उपचार करणारे डॉक्टर. यात प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतले कुणीही नसावे. डोळ्यांच्या बाहुल्या प्रकाशाने आकसतात का, घशात नळी हलवल्यावर खोकला येतो का, अशा चाचण्या होतात. शेवटी श्वासाची चाचणी. ऑक्सिजन चालू ठेवून व्हेंटिलेटर काही मिनिटे बाजूला करतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड ठरावीक पातळीपलीकडे वाढूनही छाती आपणहून हलली नाही, तर श्वासाचे केंद्र मेलेले आहे. हे सारे किमान सहा तासांनी पुन्हा करायचे आणि मग चौघांच्या सह्या.

हे सहा तास म्हणजे या कामाचे हृदयस्थान. नातेवाइकांना काय दिसते, ते आधी समजून घ्यायला हवे. अंग ऊबदार आहे. छाती वरखाली होते आहे. पडद्यावर नाडीची रेघ चालू आहे. डॉक्टर मात्र म्हणतात, ‘गेले.’ हजारो वर्षे माणसाने मृत्यू ओळखला तो श्वास थांबणे आणि अंग गार पडणे या खुणांनी. त्या दोन्ही खुणा इथे नाहीत. त्यातच घाईगडबडीत एखादा निवासी डॉक्टर ‘पेशंट मशीनवर आहे’, ‘ब्रेनडेड आहे, पण हार्ट चालू आहे’ असे बोलून जातो. ऐकणाऱ्याच्या मनात एकच शब्द उरतो : चालू. कोमा आणि मेंदूमृत्यू यांतला फरक पुसला जातो आणि कोमातून वर्षांनी उठलेल्या कुणाची तरी गोष्ट लगेच निघते. म्हणून प्रशिक्षित समन्वयक ‘कोमा’ हा शब्द टाळतात आणि मृत्यूला मृत्यूच म्हणतात. श्वास मशीन देते आहे, हृदय त्या प्राणवायूवर थोडा वेळ चालेल, मेंदू परत येणार नाही, हे साध्या मराठीत आणि लागेल तितक्या वेळा सांगावे लागते. ऐकणारा पहिल्या वेळी ऐकत नसतो, दुसऱ्या वेळीही क्वचितच. ‘अवयव काढणे’ हे शब्दही त्यांनी सोडून दिले आणि त्या जागी ‘दान’ आले.

मृत्यूची बातमी आणि दानाची विचारणा एका दमात करायची नाही, हा नियम जगाने उशिरा शिकला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या अभ्यासांनी दाखवले की घरच्यांना मृत्यू समजून घ्यायला अवधी दिला आणि मग, शांत खोलीत, उपचार करणाऱ्या डॉक्टरांहून वेगळ्या माणसाने विचारले, तर होकार लक्षणीय वाढतात. डार्व्हल यांच्या वेळी नेमके याच्या उलट घडले होते.

स्पेनने या शहाणपणाची व्यवस्था केली. १९८९ मध्ये मूत्रपिंडतज्ज्ञ राफाएल मातेसान्स यांच्या नेतृत्वाखाली तिथे राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना स्थापन झाली. प्रत्येक मोठ्या रुग्णालयात समन्वयक नेमले गेले. ते बहुतेक त्याच रुग्णालयातले अतिदक्षता तज्ज्ञ होते आणि कुटुंबाशी कसे बोलावे याचे त्यांना पद्धतशीर शिक्षण दिले गेले. तेव्हा तिथे दहा लाख लोकसंख्येमागे सुमारे १४ मृत दाते होते. दहा वर्षांत ते तीसच्या पुढे गेले आणि अलीकडे चाळीसच्या वर आहेत. स्पेनचा ‘गृहीत संमती’चा कायदा १९७९ चा. त्यानंतरची दहा वर्षे आकडे विशेष हलले नव्हते आणि आजही तिथे कुटुंबाला विचारल्याशिवाय अवयव घेत नाहीत. आकडे वाढले ते विचारणारी माणसे तयार झाल्यावर. भारतात कायदा बदलून गृहीत संमती आणावी अशी मागणी अधूनमधून होते, तेव्हा हा क्रम ध्यानात घेतला जात नाही. इटलीत वेगळेच घडले. १९९४ मध्ये तिथे प्रवासात असलेल्या निकोलस ग्रीन या सात वर्षांच्या अमेरिकन मुलाला दरोडेखोरांची गोळी लागली. आईवडिलांनी त्याचे अवयव सात इटालियन माणसांना दिले आणि नंतरच्या दशकात इटलीतले अवयवदान तिपटीच्या आसपास वाढले.

भारतात असा क्षण २००८ च्या सप्टेंबरमध्ये चेन्नईत आला. एका डॉक्टर दांपत्याच्या किशोरवयीन मुलाला अपघातात मेंदूमृत्यू आला आणि त्यांनी त्याचे अवयव देऊ केले. पोलिसांनी रस्ता मोकळा करून दिला आणि हृदय एरवीच्या वेळेच्या अंशात पोहोचले. ‘ग्रीन कॉरिडॉर’ हा शब्द पुढे देशभर रुळला. तमिळनाडू सरकारने त्याच सुमारास मृत दात्यांच्या अवयवांचे वाटप आणि नोंदी यांची शिस्त घालून दिली. याची पूर्वतयारी मोहन फाउंडेशनने केली होती. डॉ. सुनील श्रॉफ यांनी १९९७ मध्ये चेन्नईत ही संस्था सुरू केली आणि पुढे समन्वयकांचे नियमित प्रशिक्षणवर्ग चालवले. देशातल्या कितीतरी समन्वयकांनी या कामाची अक्षरे तिथे गिरवली. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने तर त्याआधीच सर्वसाधारण रुग्णालयांत नेत्रदानासाठी समुपदेशक बसवले होते. घरून फोन येण्याची वाट पाहण्यापेक्षा मृत्यू होतो तिथे माणूस ठेवावा, हा त्यामागचा विचार.

महाराष्ट्रात वाटपाचे काम विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रे करतात. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी ती चार आहेत. अवयव कोणाला मिळणार हे रुग्णालय किंवा कुटुंब ठरवत नाही, प्रतीक्षायादी ठरवते. ‘श्रीमंताला देणार ना?’ या आयसीयूबाहेरच्या प्रश्नाला समन्वयकाकडे असलेले हे सर्वांत भक्कम उत्तर. २०१२ मध्ये राज्य शासनाने रुग्णालयांना मेंदूमृत्यू प्रमाणित करून या विभागीय केंद्राला कळवणे बंधनकारक केले. २०११ ची कायदादुरुस्ती १० जानेवारी २०१४ पासून अमलात आली आणि तिने दोन मोठे बदल केले. अतिदक्षता विभागातल्या मेंदूमृत रुग्णाच्या नातलगांना दानाचा पर्याय सांगणे हे डॉक्टरांचे कर्तव्य ठरले आणि समन्वयक नेमल्याशिवाय कोणत्याही रुग्णालयाला प्रत्यारोपणाची नोंदणी मिळणार नाही असे ठरले. २०१४ च्याच नियमांनी समन्वयकाची पात्रता सांगितली, संमतीसाठी ‘फॉर्म ८’ आणि मेंदूमृत्यूच्या प्रमाणपत्रासाठी ‘फॉर्म १०’ दिला. जे काम इतकी वर्षे कुणाच्या तरी भलेपणावर चालले होते, त्याला कायद्यात नाव मिळाले.

३ ऑगस्ट २०१५ रोजी पुण्यात मेंदूमृत्यू आलेल्या एका स्त्रीचे हृदय विमानाने मुंबईला नेण्यात आले आणि मुलुंडच्या रुग्णालयात डॉ. अन्वय मुळे यांच्या चमूने ते एका तरुणाला बसवले. सेन यांच्या प्रयत्नानंतर सत्तेचाळीस वर्षांनी मुंबईत हृदयरोपण पुन्हा रुजले. याच तारखेला १९९४ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातले पहिले यशस्वी हृदयरोपण केले होते. आता ३ ऑगस्ट हा भारतीय अवयवदान दिन आहे. ऑगस्ट २०२० मध्ये, लोकल रेल्वेच्या अपघातात दोन्ही हात गमावलेल्या एका तरुणीला मुंबईत चेन्नईहून आलेले हात बसवण्यात आले. हातांची विचारणा सर्वांत कठीण. मूत्रपिंड कुणी पाहिलेले नसते, पण आईने मुलाचा हात आयुष्यभर धरलेला असतो. देह परत देताना त्याला कृत्रिम हात जोडून देतात, हे आधीच सांगावे लागते. फॉर्म ८ वर प्रत्येक अवयवाची निवड वेगळी असते. यकृत आणि मूत्रपिंडे देणारी घरे डोळ्यांपाशी थांबतात आणि तो नकार जसाच्या तसा मानायचा असतो.

ऊतींच्या दानाची कहाणी शांतपणे चालू राहिली. १९८८ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालयात ऊतिपेढी सुरू झाली. डॉ. ॲस्ट्रिड लोबो गाजीवाला यांनी ती अनेक वर्षे सांभाळली. २००० मध्ये शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी त्वचापेढी उभी केली. त्वचा मृत्यूनंतर सहा तासांत घेता येते, रक्तगट जुळावा लागत नाही. मांड्या, पाय आणि पाठ यांवरून पातळ थर घेतला जातो आणि ग्लिसरॉलमध्ये तो काही वर्षे टिकतो. भाजलेल्या माणसाचे उघडे अंग त्याने झाकले की जंतुसंसर्ग आणि वेदना दोन्ही कमी होतात. भाजलेल्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने असतात, तरी नेत्रदानाइतका ‘त्वचादान’ हा शब्द घराघरांत पोहोचला नाही. मृत माणसाची ‘चामडी’ या कल्पनेनेच लोक दचकतात. इथेही अडथळा शस्त्रक्रियेचा नाही, शब्दाचा आहे.

कुटुंबाने नकार दिला तर काय, या प्रश्नाशी मात्र कायदा अडखळतो. १९९४ च्या कायद्याने मेंदूमृत्यू मानला तो अवयवदानापुरता. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात मृत्यू म्हणजे जीवनाच्या सर्व खुणा कायमच्या नाहीशा होणे. त्यामुळे दान करणाऱ्याचा माणूस सह्या झाल्या की मृत ठरतो आणि दान न करणाऱ्याचा, त्याच चार सह्यांनंतरही, व्हेंटिलेटरवर पडून राहतो. बिल वाढत राहते. केरळने २०२० मध्ये मेंदूमृत्यूचे प्रमाणन आणि अवयवदान यांची फारकत करणाऱ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. हा दुभंग घरच्यांना कळतोच. ‘हो म्हटले तर मेला आणि नाही म्हटले तर जिवंत, असे कसे?’ या प्रश्नापुढे चांगले समन्वयकही निरुत्तर होतात. मृत्यूची व्याख्या सर्वांसाठी एकच असायला हवी. या कामातली ही सर्वांत जुनी आणि सर्वांत लवकर दूर व्हायला हवी अशी उणीव आहे.

होकारानंतर काम वाढते. अपघाती मृत्यू असेल तर पोलीस, पंचनामा आणि शवविच्छेदन आलेच. अवयव घेण्याच्या वेळीच न्यायवैद्यक तज्ज्ञाला हजर ठेवून किंवा नंतर लगेच शवविच्छेदन उरकण्याची सोय करावी लागते, नाहीतर देह मिळायला दिवस जातो. ‘बॉडी कधी मिळेल?’ हा प्रश्न कोरडा वाटतो, पण गावाकडे माणसे ताटकळलेली असतात आणि अंधार पडण्याआधी अग्नी द्यायचा असतो. संमती दिल्यानंतरचा अवयव टिकवण्याचा आणि काढण्याचा खर्च नियमांनी कुटुंबावर टाकलेला नाही. देह शिवून, स्वच्छ करून, नीट गुंडाळून ताब्यात दिला जाईपर्यंत समन्वयक थांबतात. काही अंत्ययात्रेला जातात, तेराव्याला फोन करतात. अवयव कोणाला मिळाला हे कुटुंबाला सांगत नाहीत, उपयोग झाला एवढेच कळवतात. सप्टेंबर २०२३ मध्ये तमिळनाडूने अवयवदात्यांना शासकीय इतमामात निरोप देण्याचे जाहीर केले आणि ओडिशानेही पुढच्या वर्षी तेच केले.

२०२३ मध्ये भारतात मृत दात्यांची वर्षाची संख्या प्रथमच हजाराच्या वर गेली. लोकसंख्येच्या मानाने हे प्रमाण अजून दहा लाखांमागे एकही भरत नाही. समन्वयकाची सक्ती आहे ती प्रत्यारोपणाची किंवा अवयव काढण्याची नोंदणी असलेल्या रुग्णालयांना. महामार्गावरचा अपघात मात्र आधी तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात येतो. त्यांतल्या अनेक ठिकाणी व्हेंटिलेटर आता पोहोचले आहेत, पण नातेवाइकांजवळ बसून विचारणारे माणूस अजून नेमलेले नाही.